फोर्ड्स थिएटर: चर्चची जागा, नाट्यगृहाचा शाप आणि विसरलेले बावीस कारकून

ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेतल्या ‘पछाडलेल्या’ जागांच्या याद्या सगळीकडे फिरू लागतात आणि राजधानी वॉशिंग्टनमधल्या दहाव्या रस्त्यावरचे फोर्ड्स थिएटर त्यांतून सहसा सुटत नाही. मुलांकडे अमेरिकेत गेलेले कितीतरी मराठी आईवडील वॉशिंग्टन पाहताना या नाट्यगृहात जाऊन येतात आणि परतताना तिथली गोष्टही घेऊन येतात. ती थोडक्यात अशी सांगितली जाते: इथे पूर्वी चर्च होते, ते नाट्यगृहासाठी देऊ नका, नाहीतर अनर्थ होईल, असे चर्चच्या एका जाणत्या सभासदाने बजावले होते, कुणी ऐकले नाही, मग आग लागली, मग राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा खून झाला, मग इमारत कोसळली, आणि अजूनही रात्री मारेकऱ्याची घाईची पावले तिथल्या जिन्यावर वाजतात.

आग, खून आणि कोसळणे या तिन्ही घटना पूर्णपणे खऱ्या आहेत, आणि म्हणूनच ही गोष्ट नुसती अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकता येत नाही. खऱ्या घटनांमधून भुताची गोष्ट कशी घडते, लोकांना तिथे जे जाणवते त्याची कारणे काय असू शकतात, आणि ही गोष्ट रंगत असताना त्याच जागेत मेलेली माणसे कशी विस्मरणात जातात, हे समजून घ्यायला या इमारतीइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडले नाही.

चर्चचे नाट्यगृह का झाले?

या जागेवर १८३३ साली ‘फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च’ची इमारत उभी राहिली. १८५९ मध्ये तिथली मंडळी शहरातल्या दुसऱ्या एका बॅप्टिस्ट मंडळीत विलीन झाली आणि ही वास्तू रिकामी पडली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि वॉशिंग्टन हे छोटे सरकारी शहर सैनिक, कारकून, ठेकेदार आणि कामाच्या शोधात आलेल्या माणसांनी भरून गेले. एवढ्या लोकांना संध्याकाळी करमणूक हवी होती. बाल्टिमोरमधला नाट्यव्यवसायी जॉन टी. फोर्ड याने नेमकी ही गरज ओळखली आणि रिकामे चर्च भाड्याने घेतले.

व्यवसायाच्या दृष्टीने हा निर्णय अगदी सरळ होता. चर्चमध्ये मोठे, मोकळे दालन असते. शेकडो लोकांनी एकाच दिशेला तोंड करून बसावे आणि समोर बोलणाऱ्या एका माणसाला पाहावे, ऐकावे, याच हेतूने ते बांधलेले असते. नाट्यगृहाला आणखी काय लागते? रंगमंच, विंगा, पडदे आणि दिवे. फोर्डने तशी डागडुजी करून मार्च १८६२ मध्ये ‘फोर्ड्स अथेनियम’ या नावाने नाटके सुरू केली आणि मे महिन्यात खुद्द लिंकन तिथे येऊन गेले. त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरला इमारतीला आग लागली आणि चर्चची मूळ वास्तू जळून गेली. फोर्डने त्याच जागेवर विटांचे नवे, मोठे नाट्यगृह बांधले आणि ते ऑगस्ट १८६३ मध्ये उघडले.

इथेच पहिला गैरसमज दूर करायला हवा. लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली ती चर्चच्या इमारतीत नाही. चर्च त्याआधीच दोन वर्षांपूर्वी जळून गेले होते. ‘चर्चचे नाट्यगृह’ हे वर्णन या जागेला लागू पडते. आज उभ्या असलेल्या इमारतीला नाही.

“पण देवाचे घर बाटवले, म्हणूनच असे झाले ना?”

आपल्याकडे वास्तू तथास्तु म्हणते अशी समजूत आहे, त्यामुळे त्या सभासदाचा इशारा आपल्या मनाला चटकन पटतो. परंतु बॅप्टिस्ट पंथाची धारणा इथे लक्षात घ्यायला हवी. बॅप्टिस्टांच्या दृष्टीने चर्च म्हणजे श्रद्धाळूंची मंडळी. इमारत ही ती मंडळी जमण्याची जागा. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झालेल्या गाभाऱ्यासारखे पावित्र्य त्या भिंतींमध्ये नसते, त्यामुळे मंडळी निघून गेल्यावर उरते ते विटालाकडाचे बांधकाम. इमारतीच्या पावित्र्याला अधिक महत्त्व देणाऱ्या रोमन कॅथलिक पंथातही बिशपने रीतसर आदेश काढल्यावर वापरात नसलेले चर्च लौकिक, पण अशोभनीय नसलेल्या कामासाठी देता येते. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातले ट्रॉन थिएटर अशाच जुन्या चर्चमध्ये गेली चार दशके नाटके करत आहे.

मग लोकांना खटकले काय? खटकले ते नाटक. त्या काळच्या अनेक प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांना नाट्यगृह ही दारू आणि जुगाराच्या पंक्तीतली जागा वाटत असे. प्रार्थनेच्या जागी दुकान किंवा गोदाम झाले असते तर बहुधा एवढी कुजबुज झाली नसती. पुढे लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली तो दिवस नेमका गुड फ्रायडे होता, आणि त्यांच्याविषयी मनापासून शोक करणाऱ्या धर्मोपदेशकांनीही राष्ट्राध्यक्षांचा अंत नाट्यगृहात व्हावा याची खंत प्रवचनांतून बोलून दाखवली. शापाच्या कल्पनेला खतपाणी मिळाले ते या नैतिक अस्वस्थतेतून.

राहिला इशाऱ्याचा प्रश्न. ‘अनर्थ होईल’ या शब्दांत कोणता अनर्थ, केव्हा आणि कुणावर, यांपैकी काहीच सांगितलेले नाही. असे भाकीत खोटे ठरूच शकत नाही, कारण कोणत्याही संकटानंतर ते खरे ठरल्याचे म्हणता येते. शिवाय एकोणिसाव्या शतकात नाट्यगृहाला आग लागणे ही दुर्मीळ घटना नव्हती. रंगमंचावर गॅसच्या उघड्या ज्योती, त्यांच्या शेजारी रंगवलेले कापडी पडदे आणि वर कोरडे लाकूड अशी रचना असे. ब्रुकलिनमध्ये १८७६ साली नाट्यगृहाच्या आगीत पावणेतीनशेच्या आसपास माणसे मेली, व्हिएन्नात १८८१ साली शेकडो, तर इंग्लंडमधल्या एक्सेटर शहरात १८८७ साली १८६. फोर्डच्या नाट्यगृहाला आग लागली ती गॅसच्या मीटरमधील दोषामुळे लागल्याचे मानले जाते. त्या काळात कोणत्याही नाट्यगृहाविषयी ‘हे जळेल’ असे म्हणणाऱ्या माणसाचे म्हणणे खरे ठरण्याची शक्यता बरीच मोठी होती.

१४ एप्रिल १८६५

त्या रात्री एक विनोदी नाटक चालू होते. मारेकरी जॉन विल्क्स बूथ स्वतः नावाजलेला नट होता. लिंकन यांनी त्याचे काम याच नाट्यगृहात नोव्हेंबर १८६३ मध्ये पाहिले होते. बूथची टपालाची पत्रेसुद्धा फोर्डच्या पत्त्यावर येत, त्यामुळे तो आत कुठेही फिरला तरी त्याला कुणी हटकत नसे. कोणत्या वाक्यावर प्रेक्षागृहात सर्वांत मोठा हशा पिकतो आणि त्या वेळी रंगमंचावर एकच नट असतो, हे त्याला ठाऊक होते. रात्री सव्वादहाच्या सुमारास त्या हशातच त्याने गोळी झाडली, लिंकन बसले होते त्या बॉक्समधून, म्हणजे रंगमंचालगतच्या उंचावरच्या राखीव सज्जातून, रंगमंचावर उडी मारली आणि विंगेतून मागच्या दाराने पळ काढला. लिंकन यांना रस्त्यापलीकडच्या घरात नेण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे नाट्यगृहात गोळी लागली, मृत्यू समोरच्या घरात झाला. भुताच्या गोष्टीत मात्र हा तपशील बहुतेक वेळा गाळला जातो.

आज आपण पाहतो ती वास्तू किती जुनी?

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा कळीचा प्रश्न आहे, आणि तो फारसा कुणी विचारत नाही.

खुनानंतर फोर्डने जुलै १८६५ मध्ये नाट्यगृह पुन्हा उघडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा जनक्षोभ एवढा होता की युद्धखात्याने ते बंद पाडले. सरकारने इमारत आधी भाड्याने घेतली आणि पुढे १,००,००० डॉलरला विकत घेतली. आतला रंगमंच, बॉक्स, बाल्कनी, जिने, सगळे काढून टाकण्यात आले आणि बाहेरच्या भिंतींच्या आत तीन मजल्यांची सरकारी कचेरी उभी राहिली. १८६७ ते १८८७ या काळात तिसऱ्या मजल्यावर लष्कराचे वैद्यकीय संग्रहालय होते. युद्धातल्या जखमांचा अभ्यास व्हावा म्हणून जमवलेल्या हाडांच्या त्या संग्रहात खुद्द बूथच्या मानेच्या मणक्यांचा भागही होता. तो पळताना मारला गेल्यावर शवविच्छेदनात काढलेले हे मणके त्यानेच गाजवलेल्या इमारतीतल्या संग्रहालयाच्या मालकीचे झाले. ही नोंद भुताच्या कोणत्याही कथेपेक्षा विलक्षण आहे.

त्यानंतर ही जागा युद्धखात्याच्या अभिलेख आणि निवृत्तिवेतन कार्यालयाकडे गेली, पुढे गोदाम झाली, १९३२ साली तिथे लिंकन यांच्या स्मृतीचे संग्रहालय उघडले. नाट्यगृह पुन्हा बांधायचे ठरले ते १९६० च्या दशकात. जुनी छायाचित्रे आणि आराखडे अभ्यासून आतले सर्व काही नव्याने उभारण्यात आले आणि १९६८ च्या आरंभी शंभराहून अधिक वर्षांनी तिथे पुन्हा नाटक झाले.

याचा अर्थ असा की आजच्या इमारतीत १८६३ सालच्या राहिल्या आहेत त्या मुख्यतः बाहेरच्या भिंती. बॉक्सच्या दर्शनी बाजूला लावलेले जॉर्ज वॉशिंग्टन यांचे चित्र मूळचे आहे. पण तो बॉक्स, त्याच्याकडे जाणारा बोळ, रंगमंचाची फळी आणि ज्या जिन्यावर बूथची पावले वाजतात असे सांगतात तो जिना हे सारे विसाव्या शतकातले बांधकाम आहे. बूथचा पाय त्या पायऱ्यांना कधी लागलाच नाही. जवळजवळ शतकभर तिथे नाट्यगृहाचा जिनाही नव्हता आणि रंगमंचही नव्हता.

मग पावले कुणाची, आणि थंडी कशाची?

या नाट्यगृहाविषयी तीन गोष्टी वारंवार सांगितल्या जातात: रात्री ऐकू येणारी पावले, रंगमंचाच्या एका ठरावीक जागी नटांना भरणारी हुडहुडी, आणि त्याच जागी संवाद विसरणे.

पावलांचे उत्तर सोपे आहे. दिवसभर दिव्यांच्या आणि माणसांच्या उष्णतेने तापलेले लाकूड आणि धातू रात्री थंड होताना आकसतात आणि आवाज करतात. उन्हाळ्यात संध्याकाळ झाली की पत्र्याचे छप्पर जसे थांबून थांबून कडकडते, तसाच हा प्रकार. एका पायरीनंतर दुसरी पायरी आकसली की कुणी चढते आहे असा भास होतो, आणि रिकामे प्रेक्षागृह हा आवाज दूरवर पोचवते, कारण आवाज शोषून घेणारी माणसे तिथे बसलेली नसतात. त्यात अमेरिकी नाट्यगृहांत खेळ संपल्यावर रंगमंचावर एकच दिवा जळता ठेवण्याची प्रथा आहे; अंधारात कुणी रंगमंचावरून खाली पडू नये यासाठी तो असतो, आणि त्याला ‘घोस्ट लाइट’ असेच म्हणतात. खालून येणाऱ्या त्या एकट्या उजेडात खुर्चीची सावलीसुद्धा माणसाएवढी होते.

थंडीची कारणे दोन. रंगमंचावर वरच्या दिव्यांमुळे हवा तापून वर चढते आणि विंगांतून गार हवा आत ओढली जाते, त्यामुळे काही ठरावीक जागी झुळूक लागते. दुसरे कारण नटाच्या शरीरात आहे. भीती किंवा ताण आला की शरीरात ॲड्रेनलिन नावाचे द्रव्य स्रवते, त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, हातपाय गार पडतात, तोंडाला कोरड पडते आणि पाठ असलेले वाक्य ऐन वेळी आठवत नाही. रंगमंचावर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या कोणत्याही माणसाला ही लक्षणे ठाऊक असतात. भुताच्या स्पर्शाची म्हणून सांगितलेली लक्षणे आणि सभाभीतीची लक्षणे यांत काडीचाही फरक नाही. आपल्या डोक्यावरच्या बॉक्समध्ये लिंकन यांना गोळी लागली होती, हे माहीत असलेल्या नटाला त्या जागी थोडी अधिक भीती वाटली तर त्यात नवल नाही.

आणखी एक कारण हल्ली आवर्जून सांगितले जाते, ते म्हणजे अवश्राव्य ध्वनी. साधारणपणे सेकंदाला २० पेक्षा कमी कंपने असलेला आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्याला अवश्राव्य म्हणतात. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत अभियंता विक टँडी याला आपल्या प्रयोगशाळेत अंगावर काटा येत असे आणि नजरेच्या कडेला करडी आकृती दिसे. तलवारबाजीचे पाते शिकंज्यात धरलेले असताना ते आपोआप थरथरते आहे, हे त्याच्या लक्षात आले आणि त्यावरून शोध घेतल्यावर खोलीतल्या एका पंख्यामुळे सेकंदाला सुमारे १९ कंपनांची लहर तयार होत असल्याचे त्याला आढळले. हे निरीक्षण १९९८ साली प्रसिद्ध झाले. जुन्या इमारतींतले मोठे पंखे आणि वाहिन्या अशा लहरी निर्माण करू शकतात. तरीही हे सर्व प्रश्नांचे उत्तर मानणे घाईचे ठरेल. लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातल्या संशोधकांनी एका खोलीत मुद्दाम अवश्राव्य ध्वनी आणि विद्युतचुंबकीय क्षेत्र सोडून ७९ जणांचे अनुभव नोंदवले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अनेकांना विचित्र काहीतरी जाणवले खरे, पण त्या लहरी चालू होत्या की बंद याच्याशी त्या अनुभवांचा मेळ बसला नाही. संशोधकांना सर्वांत पटणारे स्पष्टीकरण सूचनेचे वाटले: काहीतरी होणार असे सांगितले, की काहीतरी होते.

“म्हणजे सगळे खोटे बोलतात का?”

मुळीच नाही, आणि असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनुभव खरा असतो. त्याचा लावलेला अर्थ तपासावा लागतो. रेन्स लांगे आणि जेम्स हूरान या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे फार उपयोगी आहे, कारण तो नाट्यगृहातच झाला. २२ जणांना त्या नाट्यगृहातून फिरवण्यात आले. निम्म्यांना सांगितले होते की ही जागा पछाडलेली आहे. उरलेल्यांना सांगितले की इथे नूतनीकरण चालू आहे. जागा तीच, आवाज तेच, थंडी तीच. पण पहिल्या गटाने कितीतरी अधिक विलक्षण अनुभव नोंदवले. दुसऱ्या गटातल्या माणसाला फळी करकरली तर ती दुरुस्तीला आलेली फळी वाटते.

जुन्या छायाचित्राचा पुरावाही असाच आहे. खुनानंतर काढलेल्या एका छायाचित्रात बॉक्समध्ये बूथची पारदर्शक आकृती दिसते, असे सांगितले जाते. त्या काळी ओल्या रसायनाच्या काचेवर छायाचित्र घेत आणि अंधाऱ्या दालनात काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे. त्या वेळात कुणी माणूस येऊन उभा राहिला आणि निघून गेला, तर तो अर्धवट, आरपार दिसणाराच उमटतो. त्याच काळात विल्यम ममलर नावाचा छायाचित्रकार ‘आत्म्यांची’ छायाचित्रे विकत असे. नवरा गमावलेल्या मेरी लिंकन यांनीही त्याच्याकडून असे छायाचित्र काढून घेतले होते, आणि त्यात त्यांच्या मागे लिंकन यांची धूसर आकृती दिसते. त्याआधी १८६२ साली मुलगा विली गेल्यावर त्यांनी मृतांशी बोलणाऱ्यांच्या बैठकाही घेतल्या होत्या. यादवी युद्धात लाखो घरांतली तरुण माणसे परत आली नव्हती. अशा समाजाला मृतांचे काहीतरी चिन्ह दिसावेसे वाटले, याला हसण्यात अर्थ नाही.

“एवढे योगायोग कसे?”

शाप मानणारे दोन पुरावे पुढे करतात. त्या रात्री लिंकन यांच्यासोबत बसलेला मेजर हेन्री रॅथबोन पुढे मनोरुग्ण झाला आणि १८८३ साली जर्मनीत त्याने पत्नी क्लाराचा खून केला. क्लाराही त्या रात्री त्याच बॉक्समध्ये होती. हे खरे आहे आणि अतिशय दुःखद आहे. पण त्या रात्री प्रेक्षागृहात असलेल्या शेकडो लोकांपैकी ज्यांचे आयुष्य सरळ गेले त्यांना शापाच्या हिशोबात कुणी धरत नाही. सॅम्युअल सेमूर तेव्हा पाच वर्षांचा होता. तो ९६ वर्षे जगला आणि शेवटचा साक्षीदार म्हणून १९५६ साली टेलिव्हिजनवर दिसला.

दुसरा पुरावा ९ जून १८९३ या तारखेचा. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये बूथचा थोरला भाऊ, महान नट एडविन बूथ याचा अंत्यविधी होता, आणि त्याच सकाळी वॉशिंग्टनमध्ये फोर्ड्स थिएटरची इमारत कोसळली. योगायोग जबरदस्त आहे. मात्र इमारत का कोसळली, याचे कारण स्पष्टपणे माहीत आहे आणि त्याचा एडविनशी कसलाही संबंध नाही.

९ जून १८९३ ला काय झाले?

विजेच्या दिव्यांची यंत्रणा बसवण्यासाठी तळघरात खोदकाम चालू होते. वरचे मजले ज्या खांबांवर उभे होते, त्यांच्या पायालगतची माती काढली जात होती आणि वर शेकडो कारकून नेहमीसारखे कामाला बसले होते, कारण काम चालू असताना कचेरी रिकामी करण्याची गरज कुणाला वाटली नाही. मजल्यांवर सैनिकांच्या नोंदींच्या कागदांचे ओझे होते. सकाळी साडेनऊच्या सुमारास एक खांब खचला आणि पुढच्या भागातले मजले एकावर एक आदळत तळघरापर्यंत गेले. २२ कारकून मेले आणि साठाहून अधिक जखमी झाले. यांचे काम होते युद्धात लढलेल्या सैनिकांच्या नोंदी कार्डांवर उतरवून काढण्याचे, जेणेकरून त्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना निवृत्तिवेतन मिळावे.

या इमारतीच्या भिंतींच्या आत प्रत्यक्ष प्राण गेले ते या माणसांचे. अकाली मेलेला माणूस मेल्या जागी घुटमळतो हा भुतांच्या गोष्टींचा नियम खरा मानला, तर तिथे सर्वांत जास्त ऐकू यायला हवेत ते हे बावीस जण. त्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही. बूथ बारा दिवसांनी व्हर्जिनियातल्या एका शेतावर मारला गेला, लिंकन समोरच्या घरात वारले, आणि तरी पावले बूथची आणि सावली लिंकन यांची. भूत कोण होणार हे मृत्यूच्या जागेवरून ठरत नाही, मेलेल्याच्या प्रसिद्धीवरून ठरते, आणि मला या सगळ्या वदंतेतली खटकणारी बाब हीच वाटते. ‘शापित इमारत कोसळली’ असे एकदा म्हटले की खांबाखालची माती कुणी काढायला सांगितली, हा प्रश्न विचारायचे राहून जाते.

तेव्हाच्या लोकांनी तो विचारला होता. मृत्यूंची चौकशी करणाऱ्या पंचांनी कार्यालयाचा प्रमुख कर्नल फ्रेड आइन्सवर्थ आणि खोदकामाचा कंत्राटदार यांच्यावर ठपका ठेवला, मनुष्यवधाचे आरोपही झाले. परंतु कुणालाही शिक्षा झाली नाही. आइन्सवर्थ पुढे बढत्या मिळत मेजर जनरल झाला. इमारतीचा पडलेला भाग दुरुस्त करण्यात आला आणि सरकारने ती पुढेही वापरली.